रोकामादूरची मिस्सा

मार्शेलिनबाईंनी कागद उलटला आणि पुढे वाचत राहिल्या.

कागदाच्या पहिल्या बाजूला आजाऱ्यांची नावं होती. प्रत्येक नावानंतर त्या छोट्या देवळात आम्ही वीस-बावीस जण एका सुरात प्रार्थना म्हणत होतो. माझी बायको कार्मेलिन हिचं नाव त्यात आलं नाही. ते न येण्याचा हा तिसरा दिवस होता. मिस्सेची प्रार्थना संपली की फादरना परत सांगायचं, असं मी मनात ठरवलं.

"आता आपल्या धर्मग्रामातल्या मृतांसाठी," मार्शेलिनबाई म्हणाल्या. त्या शाळेत हेडबाई होत्या. आवाज खणखणीत. "जोकीम बावतिस डाबरे. सिस्टर एमिलियाना. कार्मेलिन इनास तुस्कानो."

मग त्या थांबल्या. कागद चष्म्याजवळ नेला. फादरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फादर, हे नाव चुकून या बाजूला आलंय का?"

फादर एलायस वेदीपाशी उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे बस्त्याव बसला होता, त्याची मान खाली. त्याच्या बाजूला त्याची बायको फिलू, तिची मान खाली. सगळ्यांच्याच माना खाली होत्या. फक्त मी आणि मार्शेलिनबाई एकमेकांकडे बघत होतो. आम्हा दोघांनाच माहीत नव्हतं.

याला आता सतरा वर्षं झाली.

मी पंपाचा माणूस. वसईच्या वाड्यांमधल्या विहिरींवर मोटारी बसवायच्या, जळल्या की उतरवून त्यांची तार परत भरायची, हे माझं काम. लिहायची सवय नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो.

फ्रान्सची यात्रा आमच्या देवळाच्या धर्मग्रामाने काढली होती. दहा दिवस, शेवटचा मुक्काम लुर्ड. लुर्डमातेच्या गुहेला आम्ही ग्रोटो म्हणतो. गावोगावी तिची नक्कल असते, आमच्याही नाक्यावर आहे. खरी गुहा तिथे. कार्मेलिन मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे फ्रॉक शिवायची. त्यातून जमलेल्या पैशांतून तिने दोन नावं घातली, माझं आणि तिचं. मला विचारलंसुद्धा नाही. नाताळात तिच्या पोटात दुखायला लागलं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळा निघेल, त्यापुढचं सांगता येत नाही. यात्रा मे महिन्यात होती.

"मी नाही जात," मी म्हटलं. "तुला अशी टाकून?"

"टाकून कशाला? हिल्डा माहेरी आहे. नर्सबाई येते. दहा दिवसांनी तू परत येशील."

"तुझ्यासाठी म्हणून जाऊ?"

"कोणासाठीही जा. पण जा."

ती लुर्डचं पाणी मागतेय, असं मी समजलो. तिथल्या झऱ्याचं पाणी आजाऱ्याला देतात. मी फारसा देवळात जाणारा नाही, पण त्या वर्षी मी कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो.

"ग्रोटोपर्यंत जाशील ना?" तिने निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. "मध्येच घरची आठवण आली म्हणून परत फिरायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान परवडला. लग्नानंतर महाबळेश्वरला नेलंस आणि तिसऱ्या दिवशी परत आणलंस. कोणाची तरी मोटार जळाली म्हणून."

"डाबरेकाकांची. केळी वाळत होती त्यांची."

"बघ. अजून तुला केळी आठवतात."

मी पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बरोबर घेतले. विमानतळावर बस्त्यावने ते बघितले. बस्त्याव माझा शेजारी, शाळेपासूनचा. एक दिवस माझी फिरकी घेतली नाही तर त्याला जेवण पचत नाही.

"फ्रान्समध्ये प्लास्टिक मिळत नाही का रे? रेशनचं रॉकेल आणायला निघाल्यासारखा दिसतोस."

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. विमानात ते डोक्यावर धरून बसू नकोस, एवढंच."

पॅरिसचे दोन दिवस मला नीटसे आठवत नाहीत. आयफेल टॉवरच्या लिफ्टची यंत्रं बघितली, ती आठवतात. तिसऱ्या दिवशी लिझिअ, संत तेरेजाचं गाव. चौथ्या दिवशी, मंगळवारी, मों सें मिशेल.

ते समुद्रात उभं असलेलं खडकाचं टेकाड आहे आणि त्यावर मठ बांधलाय. भरती आली की चारी बाजूंनी पाणी. आत एका अंधाऱ्या दालनात लाकडाचं प्रचंड चाक आहे, दोन माणसांच्या उंचीहून मोठं. एके काळी तिथे तुरुंग होता. कैदी त्या चाकाच्या आत शिरून चालायचे, आणि चाक फिरलं की खालून सामान दोराने वर यायचं. आमच्याकडे जुन्या विहिरींवर रहाट होते, ते मी लहानपणी बघितलेत. रहाटाला बैल जुंपत. इथे माणसं. मी बराच वेळ ते चाक बघत उभा राहिलो. कणा कसा बसवलाय, दोर कुठून उतरतो, ते बघत होतो.

"तुझा जन्म इथेच व्हायला हवा होता," बस्त्याव म्हणाला. "मोटार जळायची भीती नाही. एक कैदी जळाला की दुसरा घालायचा."

"आणि तुला घातलं तर?"

"मला घातलं तर सामान खालीच राहील."

मी हसलो. इतक्या मोठ्याने हसलो की तिथल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं. मी घड्याळ बघितलं. माझं घड्याळ मी फ्रान्सच्या वेळेवर लावलंच नव्हतं. तिच्या औषधांच्या वेळा कळाव्यात म्हणून घरचीच वेळ ठेवली होती. दोन वाजायला दहा मिनिटं होती. दोनचं औषध हिल्डा देईल, असं मनात आलं आणि मी परत चाकाकडे वळलो.

त्या दिवशी बस अर्धा तास उशिरा सुटली. फादर एलायस खाली तळावर फोनवर बोलत होते. एरवी ते पुढच्या सीटवर बसायचे आणि माळ, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायचे. त्या दिवशी ते थेट मागे जाऊन बसले. थोड्या वेळाने बस्त्यावला मागे बोलावलं. मला वाटलं, हिशेबाचं काही असेल, बस्त्याव यात्रेच्या कमिटीवर होता.

संध्याकाळी शार्त्रला पोचलो. यात्रेच्या मॅनेजरने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं, उद्याचा कार्यक्रम सांगायला. मार्शेलिनबाई गुडघे धरून खोलीत पडल्या होत्या. मी खाली घरी फोन लावत होतो, कार्डावरचे आकडे दाबत.

"पप्पा," हिल्डा म्हणाली.

"कशी आहे?"

"झोपलीय."

"जेवली?"

"हो."

"दोनचं औषध दिलंस?"

ती थोडा वेळ बोलली नाही. फोनवर आवाज उशिरा पोचतो, तसंच असेल, असं मी समजलो.

"दिलं, पप्पा."

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी फार चांगले वागायला लागले. नुनीसकाकांनी मला खिडकीजवळची पुढची सीट दिली. फिलूने घरून आणलेल्या सुकेळ्यांचं अख्खं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि तोंड फिरवून निघून गेली. मी एकटाच आलोय म्हणून माझी काळजी घेतात, असं मला वाटलं. बरंही वाटलं. शार्त्रच्या कॅथेड्रलच्या काचा निळ्या आहेत, तसा निळा रंग आता कोणाला करता येत नाही म्हणतात. खाली फरशीवर एक गोल वाट कोरलेली आहे, वळसे घालत घालत मध्यापर्यंत जाणारी. पूर्वी लोक ती गुडघ्यांवर चालायचे. त्या दिवशी तिच्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. मी खुर्च्यांच्या पायांमधून वाट शोधत होतो.

"बस्त्याव, ये. सापडते का बघ."

"नको," तो म्हणाला.

"का? गुडघे गेले?"

"हो."

बस्त्यावकडून एका शब्दाचं उत्तर मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तरी मला कळलं नाही.

त्या दिवशीच्या मिस्सेत कार्मेलिनचं नाव घेतलं गेलं नाही. बाहेर आल्यावर मी फादरांना गाठलं.

"फादर, तिचं नाव राहिलं."

"आहे, इनास. नाव आहे."

"मी ऐकलं नाही."

"मी घेतलं."

फादर खोटं बोलले नव्हते. जी मेली तिच्यासाठी आजारी म्हणून प्रार्थना करणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी नाव दुसऱ्या बाजूला लिहिलं. ती बाजू ते वेदीवर स्वतः, हळू आवाजात वाचायचे. रोज वाचायची पाळी बदलायची. वाचणाऱ्याला ते सांगून ठेवायचे की मागची बाजू मी वाचीन. शुक्रवारी पाळी मार्शेलिनबाईंची होती. शार्त्रच्या जेवणाच्या खोलीत बाकीच्यांना सांगितलं तेव्हा त्या नव्हत्या, आणि नंतरही त्यांना कोणी काही सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि पस्तीस वर्षं ज्यांनी परीक्षेचे पेपर तपासले, त्या कागद न उलटता खाली ठेवणार नाहीत, हे फादरांच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी आम्ही नेव्हेरला होतो. तिथूनही मी फोन लावला. हिल्डाच्या आवाजामागे बायकांचा आवाज येत होता. पुष्कळ बायका.

"घरी कोण आलंय?"

"शेजारच्या बायका. माळ म्हणताहेत. आईसाठी."

"चांगलं आहे. ती ऐकतेय का?"

"झोपलीय, पप्पा."

"बरं. झोपू दे." आणि मग मी म्हटलं, "फोन तसाच धर. मी पण म्हणतो थोडी."

मी नेव्हेरच्या हॉटेलात, चाव्यांच्या फळीसमोर उभा राहून, घरातल्या बायकांबरोबर पाच नमो मरिया म्हटल्या. हिल्डाने फोन धरून ठेवला. आमच्याकडे माणूस गेल्यावर घरात रोज माळ म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी संत बेर्नादेतचा देह बघितला. लुर्डमातेने जिला दर्शन दिलं ती मुलगी. तो देह काचेच्या पेटीत आहे, चेहऱ्यावर मेणाचा पातळ थर. एवढी वर्षं झाली, पण मान जराशी कलती, डोळे मिटलेले.

"बघ, झोपल्यासारखी," मी बस्त्यावला म्हटलं.

तो झटकन बाहेर गेला. बाथरूमची घाई असेल, असं मी समजलो.

शुक्रवारी रोकामादूर. ते गाव कड्याला चिकटलेलं आहे. खाली दरी, त्यावर घरं, त्यावर देवळं, सगळ्यात वर किल्ला. घरांपासून देवळांपर्यंत दोनशे सोळा पायऱ्या, आणि पूर्वीचे यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. मी चालत चढलो. उद्या लुर्ड, मग घर, मग पाणी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. संध्याकाळी तिथल्या एका लहान देवळात मिस्सा झाली, आणि मार्शेलिनबाईंनी कागद उलटला.

मी उठून बाहेर आलो. बाहेर दगडी अंगण आहे, तिन्ही बाजूंना देवळं आणि डोक्यावर कडा. मी कठड्यावर बसलो. आत मिस्सा चालूच राहिली. फादरना ती अर्ध्यावर सोडता येत नव्हती. मला ते तेव्हाही समजत होतं आणि तरी मी त्यांना शिव्या घालत होतो.

बस्त्याव आधी बाहेर आला. माझ्यापासून हातभर अंतरावर बसला.

"कधी?" मी विचारलं.

"मंगळवारी. दुपारी दोनच्या सुमारास. आपल्याकडचे दोन."

मी घड्याळाकडे बघितलं. कशासाठी ते माहीत नाही.

"आपण चाक बघत होतो."

"हो."

"तू मला हसवत होतास."

"मला तेव्हा माहीत नव्हतं, इनास. बसमध्ये कळलं. आई शप्पथ."

"आणि माती?"

"बुधवारी सकाळी."

"बुधवारी सकाळी मी शार्त्रला पाव-लोणी खात होतो."

मग फादर बाहेर आले. मिस्सेचे कपडे उतरवून, साध्या शर्टात.

"दोन दिवस ठेवता आलं असतं," मी त्यांना म्हटलं. "रुमावांच्या म्हातारीला चार दिवस बर्फात ठेवलं होतं, मुलगा दुबईहून येईपर्यंत. तुम्हीच मिस्सा केली होतीत."

"ठेवता आलं असतं."

"मग? कोणी ठरवलं?"

"तिने."

"ती मेली होती!"

"आधीच ठरवलं होतं तिने. आपण निघायच्या आठवड्यात मी तिला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावायला आलो होतो, आठवतं? तू बाहेर मोटार बघत होतास. तिने मला शब्द द्यायला लावला. काही झालं तरी इनासला ग्रोटोपाशी पोचेपर्यंत कळवायचं नाही. मला बर्फात ठेवायचं नाही. हिल्डाकडूनही क्रुसावर हात ठेवून वचन घेतलं."

"का?"

फादर बस्त्यावकडे बघत राहिले. बस्त्याव उठून पायऱ्यांकडे गेला.

"नवस तुझा आहे, असं म्हणाली. तुला माहीत असेल."

मला माहीत होतं.

हिल्डा पाच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. आठ दिवस इस्पितळात होती, शेवटचे दोन दिवस ओळखत नव्हती. एका पहाटे मी तिथून सुटून गावात आलो आणि नाक्यावरच्या लुर्डमातेसमोर उभा राहिलो. कार्मेलिन माझ्यामागे आली होती. मी मोठ्याने म्हटलं, ही वाचली तर तुझ्या खऱ्या गुहेपाशी येऊन गुडघे टेकीन. कार्मेलिनशिवाय ते कोणी ऐकलं नाही. हिल्डा वाचली. त्यानंतर कार्मेलिन वर्षातून एकदा तरी आठवण करून द्यायची आणि मी म्हणायचो, नाक्यावरची चालत नाही का? तिथे जायचं तर व्हिसा लागतो. मी हसण्यावारी न्यायचो.

हिल्डाचं लग्न झालं. पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. कार्मेलिन काही बोलली नाही. दुसऱ्यांदा पाचव्या महिन्यात गेलं. त्या दिवशी तिने मला विचारलं, "आता तरी जायचं का?" मी म्हटलं, "डॉक्टर बदलू." न फेडलेला नवस ज्याच्यासाठी केला त्याच्याकडून वसूल होतो, असं ती मानायची. मी मानत नव्हतो. तिने शिवणाचे पैसे वेगळे ठेवायला सुरुवात केली ती त्यानंतर.

त्या मे महिन्यात हिल्डाला सातवा महिना होता.

म्हणजे पाण्याची गोष्ट माझ्या डोक्यातली होती. तिने पाणी कधी मागितलंच नव्हतं. तिने मला स्वतःसाठी पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवारी बस दक्षिणेला निघाली. वाटेत तुलूझ लागतं. मॅनेजरने तिथून माझं पॅरिसचं आणि पुढे मुंबईचं तिकीट करून ठेवलं होतं, मी रात्रीच सांगितलं होतं म्हणून. विमानतळासमोर बस थांबली. फादर माझ्याबरोबर खाली उतरले.

"इनास, लुर्ड इथून दोन तासांवर आहे. फक्त दोन तास. उद्या मी स्वतः तुला इथे आणून विमानात बसवतो."

"मला घरी जायचंय."

"घरी आता काय राहिलंय?"

"ते तुम्ही सांगू नका."

"बरोबर आहे. नाही सांगत." ते खाली बघत म्हणाले, "पण ज्यासाठी तिने एवढं केलं, ते दोन तासांवर आहे. हिल्डाचा विचार कर."

"तिथे जाऊन मी काय म्हणू?"

"आभार मान. हिल्डा वाचली म्हणून."

"आज माझ्या तोंडून ते येणार नाही, फादर."

"मनातून आलं नाही तरी चालेल. नुसते गुडघे टेक. नवसाला गुडघे पुरतात."

"कार्मेलिनने माझा तिच्यावर माती टाकायचा हक्क काढून घेतला. तुम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतला. आणि आता मी जाऊन आभार मानू?"

बसमधले सगळे काचांमधून बघत होते. मार्शेलिनबाई रडत होत्या. सकाळपासून रडत होत्या, आणि मी एकदाही त्यांना म्हटलं नव्हतं की बाई, तुमची चूक नाही.

"माझ्यावर राग धर," फादर म्हणाले. "तो घेऊन चल. राग घेऊन आलेले पुष्कळ लोक असतात तिथे."

मी बॅग उचलली. बस्त्याव दारात उभा होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलला.

"मूर्खा, ये ना."

त्या तीन शब्दांवर मी जवळजवळ चढलो होतो. एक पाय बसच्या पायरीवर ठेवलाही होता. मग मला शार्त्रची बुधवारची सकाळ आठवली. फिलू समोर बसून माझ्या पावाला लोणी लावून देत होती. सगळ्यांना माहीत होतं, आणि मी खात होतो. मी पाय खाली घेतला आणि विमानतळाच्या दारातून आत गेलो.

घरी पोचलो तेव्हा कबरीवरची फुलं सुकली होती. मी एक मूठ माती टाकली. आधीच भरलेल्या खड्ड्यावर टाकलेली माती दिसतही नाही.

हिल्डाशी मी महिनाभर बोललो नाही. तिचं पोट पुढे आलेलं, ती हळूहळू चालत माझ्यासमोर ताट ठेवायची आणि मी खाऊन उठायचो. कार्मेलिनच्या महिन्याच्या मिस्सेनंतर हिल्डा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"पप्पा, मला तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. तुम्ही फोनवर माळ म्हणत होतात तेव्हा माझी काय हालत झाली, माझं मला माहीत."

"झालं ते झालं."

"मी आईला विचारलं, का पण? पप्पांना का नाही सांगायचं? तर म्हणाली, ते पप्पांना विचार. ते सांगतील." ती थांबली. "काय होतं, पप्पा?"

मी तिच्या पोटाकडे बघत होतो.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

जुलैमध्ये तिला मुलगी झाली. सुखरूप. आमच्या घरात सगळे रडले, मीही रडलो, आणि रडता रडता मला भीती वाटायला लागली. त्यानंतर ती भीती गेली नाही. नात तापली की माझी झोप उडते. हिल्डाला गेल्या वर्षी गाठ निघाली, साधी होती, काढून टाकली. तो रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते मला माहीत. कार्मेलिन चुकीची होती, असं मी स्वतःला सांगतो. मग वाटतं, अजून वेळ आहे, चुकीची होती का ते अजून ठरायचंय.

बस्त्याव त्या वेळी लुर्डला माझ्या नावाने अर्धा तास गुडघ्यांवर बसून आला होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या गुडघ्यांनी माझा नवस फिटतो होय? तो म्हणाला, "नाही फिटत. पण दुखले माझे, तेवढं तरी मान." फादर एलायस सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मातीला मी गेलो आणि एक मूठ टाकली.

धर्मग्रामाच्या यात्रा त्यानंतर तीनदा लुर्डला गेल्या. दोन वेळा मी नाव घातलं आणि दोन्ही वेळा काढून घेतलं. पासपोर्ट चालू आहे. आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पायऱ्या चढताना दम लागतो.

हिल्डा अजून कधी कधी विचारते, आईचं ते काय होतं. मी म्हणतो, माहीत नाही. सांगितलं तर ती उद्या तिकीट काढेल, किंवा माझ्यासारखीच घाबरत जगेल.

लुर्डला मी गेलेलो नाही. हिल्डाला सांगितलेलं नाही.